वानवळ्याचा भाव

ज्याला भोपळा विकत घ्यावा लागतो त्याच्याविषयी मला सहानुभूती आहे. पण घरामागे अर्धा गुंठा मोकळी माती असताना ज्याला तो विकतच घ्यायचा असतो, आणि वर मला शहाणपणही शिकवायचं असतं, त्याच्याशी माझं भांडण आहे. हे भांडण मी आज चारचौघांत मांडतो आहे, कारण घरात ते मांडून झालं आणि तिथली मतमोजणी माझ्याविरुद्ध गेली. चिरंजीव आणि सूनबाई ठरावाच्या बाजूने, मी विरुद्ध, सौभाग्यवती तटस्थ. नात माझ्या पक्षाची, पण तिचं वय सात.

ठराव असा की मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि तिथे गाडी उभी करावी. हे अंगण म्हणजे अंबाजोगाईतल्या कुठल्याही जुन्या घरामागे असायचं तसंच. सीताफळाची दोन झाडं, एक शेवगा, मोरीच्या तोंडाशी अळू, कुंपणावर दोडका आणि घोसाळी, जुन्या गोठ्याच्या पत्र्यावर लाल भोपळ्याचा वेल (याला आमच्याकडे काशीफळही म्हणतात), कोपऱ्यात कोहळा, वालाचा मांडव, अंबाडीची पाचपंचवीस झाडं आणि कढीपत्ता. एरवी या सगळ्याला कोणी बाग म्हणणार नाही. पावसाळ्यात तर ते रानच दिसतं. पण घट बसले की हे रान एकदम हिशेब चुकता करायला लागतं. रोज सकाळी काहीतरी हाताला येतं. भादव्यात पानाआड लपलेला दोडका अश्विनात हातभर होऊन डोक्याला लागतो.

"बाबा, गाडी उन्हात उभी राहते," चिरंजीव म्हणाले.

"मग झाडाखाली लाव."

"झाडाखाली लावली तर टपावर सीताफळं पडतात."

आता पाहा. ज्याच्या गाडीवर सीताफळं पडतात अशा माणसाचा हेवा करायचा की कीव, हे जगात आजवर कोणाला विचारावं लागलं नव्हतं. आमच्या घरात त्याची तक्रार झाली.

ठरावाला जोर आला तो माझ्या पुतण्यामुळे. हा पुण्याला सनदी लेखापाल आहे. कुळाचार म्हणून नवरात्रात योगेश्वरीच्या दर्शनाला येतो आणि आला की आमच्याकडे उतरतो. मुलगा गुणी. पण आकडा दिसला नाही की त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्याने माझ्याकडून एका दुपारात सगळं काढून घेतलं: शेणखताची एक गाडी किती, मांडवाचे बांबू किती, सुतळी किती, उन्हाळ्यात टँकर मागवले त्यातलं झाडांना किती गेलं, आणि (हे त्याने हळूच विचारलं) माझा वेळ किती. मग मोबाईलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "काका, तुमचा एक भोपळा दोनशे बारा रुपयांना पडला. मंडईत तीस-चाळीसला मिळतो."

घरात शांतता पसरली. एखाद्या सज्जन माणसाच्या घरात नोटांचं बंडल सापडावं तसे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी त्याला एकच विचारलं. या हिशेबात वानवळ्याचा रकाना कुठे आहे?

"वानवळा म्हणजे?"

घ्या. आपल्याच घरातल्या पोराला हा शब्द आता सांगावा लागतो, आणि माझ्या मते खरं प्रकरण ते आहे. म्हणून इथे जरा थांबतो. वानवळा म्हणजे घरच्या शेतात, परसात पहिल्यांदा जे येईल त्यातलं थोडं शेजारीपाजारी, आप्तांकडे धाडायचं ते. चार दोडके, वाटीभर वालाचे दाणे, हुरड्याची कणसं, भोपळ्याची एक फोड. ती भेट नव्हे, कारण त्याला कागद गुंडाळत नाहीत. ते दान नव्हे, कारण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. ती विक्री तर नव्हेच. आणि मुख्य म्हणजे तो विकत आणून देता येत नाही. मंडईतून अर्धा किलो घेवडा आणून तुम्ही भिंतीपलीकडे द्या बरं! पलीकडची माणसं काळजीने विचारतील, "काय हो, घरात सगळं ठीक आहे ना?" तोच घेवडा स्वतःच्या मांडवाचा असेल तर कोणी काही विचारत नाही. ताटली घेतात आणि दोन दिवसांनी परत करतात. रिकामी करत नाहीत. आमच्या भागात रिकामी ताटली परत करणं म्हणजे बोलाचाल बंद करण्याची पहिली नोटीस.

आमच्या डाव्या हाताला शिंपीकाम करणारं एक मुसलमान कुटुंब तीन पिढ्यांपासून राहतं. निजामाच्या काळात या गावाला मोमिनाबाद म्हणत, तेव्हापासूनचे ते शेजारी. आमच्या घोसाळ्यांची ताटली तिकडे जाते आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा इकडे येतो. मधल्या वर्षांत देशात काय काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. ताटली चुकलेली नाही. आता मी पुतण्याला म्हणतो, त्या ताटलीचा भाव काढ. भोपळ्याच्या खर्चातून तो वजा कर आणि मग मला सांग मी किती रुपयांनी बुडालो.

तो म्हणाला, "काका, हे भावनिक झालं."

हे एक नवीनच. ज्याची बेरीज करता येत नाही त्याला भावनिक म्हणायचं आणि कागदाबाहेर काढायचं. उद्या वडिलांनाही असंच काढतील.

पण माझ्या विरोधकांत सगळेच पुतण्यासारखे सरळ नाहीत. दुसरा पक्ष अधिक कठीण आहे, कारण तो माझ्या बाजूचा असल्याचं सांगतो. हे लोक गाडीतून उतरतात, परसात येतात, डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "अहाहा! ऑरगॅनिक!" एका मेहुण्यांनी तर शेवग्याला मिठी मारली. शेवगा हे मिठी मारण्याचं झाड नव्हे. त्यावर अळ्यांचे पुंजके असतात. मेहुण्यांना ते रात्रीपर्यंत समजत गेलं. या पक्षाला सगळं 'अस्सल देशी' हवं असतं. त्यांना मी सांगतो की नाव सीतेचं असलं तरी या फळाचं माहेर अमेरिका खंडातलं आहे. लाल भोपळाही तिकडचाच. तुमची मिरचीही तिकडची, पेरूही तिकडचा, आणि उपासाचे शेंगदाणे तर नक्कीच तिकडचे. ही सगळी मंडळी समुद्रावरून आली, आमच्या मुरमाड जमिनीला सरावली आणि आता इतकी घरची झाली की भोपळ्याचे घारगे केल्याशिवाय आमचा दिवाळसण होत नाही. एवढं ऐकल्यावर ऑरगॅनिक पक्षाचा चेहरा जरा उतरतो. मात्र जाताना गाडीत दोन पिशव्या भरून घेतोच.

सीताफळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथल्या एका वाणाचं नावच 'धारूर-६'. बालाघाटाच्या डोंगरात जिथे माणूस खडे वेचून थकतो तिथे हे झाड आपसूक उगवतं, उन्हाळ्यात सगळी पानं टाकून दिगंबर उभं राहतं आणि पावसाच्या पहिल्या सरींवर पुन्हा हिरवं होतं. पानाला असा उग्र वास की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. शेळी ज्याला तोंड लावत नाही असं आमच्या जिल्ह्यात दुसरं काय आहे ते मला आठवत नाही.

पण या फळाचा स्वभाव नीट पाहिलात तर माझी सगळी बाजू त्यातच आहे. सीताफळ साठवता येत नाही. डोळे उघडले, खाचांमध्ये पिवळट झाक आली, की ते उतरवायचं. झाडावर ठेवलंत तर खार आणि पाखरं तुमच्याआधी उठतात. कच्चं फ्रिजमध्ये ठेवलंत तर काळं पडून बसतं, पिकत नाही. म्हणून धान्यात किंवा गवतात त्याची अढी घालायची. मग तीन-चार दिवस काहीच होत नाही. तुम्ही रोज दाबून पाहता, ते दगड. आणि मग गुरुवारी सकाळी चाळीसच्या चाळीस फळं एकदम पिकतात! सगळी, एकाच दिवशी, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांना वास सुटतो. चार मोठ्या माणसांच्या आणि एका नातीच्या घरात चाळीस सीताफळांचं काय करणार? वाटणार. दुसरा मार्गच नाही. देवाने हे फळ केलं तेच मुळी साठेबाजांवर सूड म्हणून.

आता कारखान्यांनी यावर तोड काढली आहे. गर काढायचा, गोठवायचा आणि वर्षभर आइस्क्रीमवाल्यांना पुरवायचा. माझं त्याला ना नाही. बार्शीकडच्या नवनाथ कसपटे यांनी एनएमके-१ नावाचं वाण काढलं, त्यात गर जास्त, बिया कमी, टिकतंही जास्त. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले तर आनंदच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. घरी दोन झाडं असताना त्यांची फळं 'फार चिकट काम बाई' म्हणून खारींना सोडायची आणि चैत्रात त्याच फळाच्या नावाचं आइस्क्रीम फटफटीवरून घरपोच मागवायचं, याला मी काय म्हणू?

चिकट काम मात्र आहे. इथे मला एका खऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. तो आक्षेप सौभाग्यवतींचा आहे आणि तोच त्यांच्या तटस्थतेचं कारण आहे. त्या म्हणाल्या, "घरचं, घरचं म्हणून जे सगळे मिटक्या मारतात ना, ते घर म्हणजे माझी मनगटं." याला उत्तर नाही. मराठीत 'घरगुती' या शब्दाखाली जेवढी फुकटची मजुरी लपलेली आहे तेवढी जुन्या वेठबिगारीतही नसेल. पापड घरगुती, सांडगे घरगुती, लोणचं घरगुती. आणि करणारी कोण हे बरणीवर कुठेच लिहिलेलं नसतं. परसबागेवर कविता करणारे जे पुरुष आहेत त्यांनी कधी अंबाडीची बोंडं सोलून पाहावीत. बोटं तीन दिवस चरचरतात.

म्हणून आमच्या घरात वीस वर्षांपासून कायदा आहे: जो लावतो तो सोलतो. लावतो मी. तेव्हा अश्विन महिन्यात मी दुपारी बाराच्या सुमारास परात घेऊन बसतो. सीताफळाचा गर काढतो. एका फळात चाळीस-पन्नास बिया, त्यांना गर असा चिकटलेला की सरकारी जमिनीला पुढारी. चाळणीवर घासायचं, पण इतकं जोरात नाही की बी फुटेल. बी कडू, विषारीही. तिची पूड डोळ्यात गेली तर डोळा गमवायची वेळ येते. आणि हा गर तापवायचा नाही. तापला की कडवटतो. दूध आधी आटवायचं, गार करायचं, मग गर घालायचा. आमच्या सूनबाईंनी हे एका चित्रफितीत पाहून मला शिकवलं. सौभाग्यवतींनी ऐकून फक्त "बरं" म्हटलं. हे त्या पंचवीस वर्षं करत होत्या.

मग दोडक्याच्या शिरा खरवडून तीळ घालून चटणी. कोहळा किसून, डाळ वाटून त्याचे सांडगे. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे इतकं कडक की सांडगे दोन दिवसांत खडखडीत. वेलावर मुद्दाम राखलेली घोसाळी वाळली की नात ती खुळखुळ्यासारखी वाजवते. बी पडलं की आतली जाळी कापून अंग घासायला. बाजारात हिलाच सुंदर कागदात घालून, वर इंग्रजी नाव छापून, काय भावाने विकतात ते पुतण्यानेच मला मोबाईलवर दाखवलं. त्याक्षणी त्याच्या डोळ्यात मला थोडी चलबिचल दिसली. बिया राखेत घोळून जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत भरायच्या आणि वर नातीने नावं लिहायची. तिच्या शुद्धलेखनामुळे गेल्या वर्षी एका घरी 'घोसळे' ऐवजी 'घोटाळे' पेरले गेले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना बी राखण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या नातीने विचारलं, "आजोबा, आपल्याला कधी?" मी म्हटलं, आधी घोसाळे लिहायला शीक.

"पण पाणी?" हा चिरंजीवांचा हुकमी एक्का. दुष्काळी जिल्ह्यात बागा कसल्या करता? ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं ते २०१६ च्या एप्रिलमध्ये, आणि लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्या जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलेलं आम्ही पाहिलं. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी माझ्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. तेव्हा पाण्याची उधळपट्टी मला शिकवू नका. माझ्या अळूला मोरीचं पाणी, दोडक्याला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी. सीताफळाला वैशाखात पाणी द्यावंच लागत नाही, ते झोपलेलं असतं. टँकरचं जे काही गेलं ते कोवळ्या शेवग्याला चार वैशाखी बादल्या. आणि ज्या गाडीसाठी हा ठराव आहे ती दर रविवारी कशाने धुतली जाते? नळीने, पिण्याच्या पाण्याने. त्या नळीचा रकाना कोणी मांडला नाही. पाऊस पडतो तो या मातीत मुरतो. तिचं तोंड एकदा सिमेंटने शिवलं की तेच पाणी रस्त्याने वाहत गटारात जाणार, आणि आम्ही पुन्हा बोअर आटली म्हणून आभाळाकडे बघणार.

पण मला खरा राग येतो तो दसऱ्याच्या आगेमागे. त्या दिवसांत धारूरकडच्या डोंगरातून एक बाई डोक्यावर सीताफळांची पाटी घेऊन गल्लीत येते. "घ्या की काका, डोंगराचं हाय, डोळं उघडलंय बगा." घरी दोन झाडं असूनही मी तिच्याकडून घेतो आणि भाव करत नाही. (बाजाराशी माझं वैर नाही, ती बाईच तर आमचा बाजार आहे.) पेव्हर ब्लॉकवाले शेजारी मात्र तिच्याशी पाच रुपयांवरून पंधरा मिनिटं घालतात. ती पाटी घेऊन येते कारण दसरा झाला की तिला जायचं असतं. ऊसतोडीला. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी गावंच्या गावं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड, लेकरं, एखादी शेळी, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या नाही तर कर्नाटकच्या एखाद्या कारखान्यावरच्या कोपीत.

एकदा मी तिला भोपळ्याचं बी देऊ केलं. ती हसली. म्हणाली, "हाय की काका, छपरावर हाय येल. लई लागल्यात औंदा." मग म्हणाली, "पर मी कुठं असते खायाला?"

आषाढात ती वेल लावते. पाणी घालते. भोपळे धरतात, आणि ते पिकायच्या आत ट्रक येतो. वेल छपरावर, धनीण कारखान्यावर. म्हातारी सासू आणि शाळेसाठी मागे ठेवलेलं पोर जे काय खातील ते खातील. त्या घरचा वानवळा कोणी कोणाकडे धाडायचा? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांना पोटासाठी कुठे जावं लागत नाही, पावसापासून दिवाळीपर्यंत ज्यांचे पाय स्वतःच्या मातीवर राहतात, त्यांनी तरी ती माती फरशीखाली पुरू नये. गाडी उन्हात तापते म्हणे! तापू दे. पत्र्याचीच आहे.

तर अशी ही माझी बाजू. चिरंजीवांनी ती शांतपणे ऐकली, आणि पेव्हर ब्लॉकवाल्या मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी आला. आदल्या रात्रीची सीताफळ बासुंदी शिल्लक होती, ती नातीने त्याला वाटीभर दिली. मग त्याने फीत काढली, लांबी घेतली, आणि रुंदी घेताना घोसाळ्याच्या मांडवाखाली बराच वेळ उभा राहिला. "हे बी घरचंच का हो काका?" मी म्हटलं, हो. "आमच्या आईला लई आवडायची घोसाळ्याची भजी. आता ते पातळ सालीचं घोसाळं मिळतच नाही कुठं." नातीने आत जाऊन एक पुडी आणली. त्याने ती खिशात जपून ठेवली आणि निघाला. नातीने त्यावर काय लिहिलं होतं मी पाहिलं नाही.

त्याचं कोटेशन अजून आलेलं नाही. चिरंजीव फोन करतात तेव्हा तो कुंपणाला जाळी कुठली लावू, एवढंच विचारतो आणि म्हणतो, जरा काकांना द्या.